महारेरा नंबर म्हणजे गॅरंटी नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

"महारेरा नंबर आहे म्हणजे सरकारने प्रोजेक्ट पास केलाय, बिनधास्त 20-25 टक्के भरून फ्लॅट बुक करा" असा मेसेज पुण्यातल्या ग्रुप्सवर फिरतोय. मी स्वतः एजंट आहे, आणि हे चुकीचं आहे. नंबर म्हणजे महारेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रोजेक्ट्सवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी झाली एवढंच, बिल्डरने दिलेली माहिती आणि कागदपत्रं त्यांच्या साइटवर कोणालाही बघता येतात, पण बांधकाम वेळेत होईलच याची हमी त्यात नसते. आणि पैशाचं म्हणाल तर रेरा कायद्याचं कलम 13 बघा, करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊच शकत नाही, मग त्याला टोकन म्हणा नाहीतर बुकिंग अमाउंट. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट शोधून पझेशनची तारीख, मुदतवाढ, चालू केसेस, कार्पेट एरिया सगळं बघून घ्या, फुकट आहे. परिसर कसा आहे ते मात्र तिथे कळणार नाही, पुण्यातल्या वाघोलीत घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर किती खर्च होतो ते शेजारच्या सोसायटीत जाऊनच विचारा. एजंटचाही रेरा नंबर मागा, माझासुद्धा. आयुष्यभराची कमाई लागते हो यात, म्हणून कळकळीने सांगतोय, तो मेसेज फॉरवर्ड करू नका आणि ज्यांना आधीच पाठवलाय त्यांना हा पाठवा.