मैत्री शिकायची ती फक्त तिनेच का?

ऑटिझम असलेल्या मुलामुलींना ‘चारचौघांत मिसळायला’ शिकवण्याच्या नावाखाली आपण जे शिकवतो, त्यातले बरेचसे त्यांच्यापेक्षा आपल्याच सोयीचे असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझी भाची यंदा दहावीला आहे. तिला वाचून दाखवून, तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

आधीच्या शाळेत तिला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला, सगळे हसले की हसायला आणि हात न हलवता बसायला शिकवले गेले. तिने ते मन लावून आत्मसात केले. ‘किती सुधारली!’ असे शाळेत सगळे कौतुकाने म्हणत आणि घरी आल्यावर ती गणवेशही न बदलता पांघरुणात शिरून दिवेलागणीपर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नसे. डोळ्यांत बघणे आणि समोरचा काय बोलतो ते ऐकणे, या दोन्हींपैकी एका वेळी एकच आपल्याला जमते, हे तिने आम्हाला फार उशिरा सांगितले. एवढे करूनही मैत्रीण एकही मिळाली नाही.

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. ऑटिस्टिक आणि इतर माणसांमध्ये संवाद तुटतो तेव्हा तो दोन्ही बाजूंनी तुटतो, कारण दोघांनाही एकमेकांचे मन वाचता येत नाही, अशी मांडणी त्यांनी 2012 साली केली. पुढे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट सांगत नेली, तेव्हा ऑटिस्टिक व्यक्तींच्या गटातही ती इतरांच्या गटाइतकीच टिकली. म्हणजे संवादाची क्षमताच नाही, हे आपले गृहीतक तपासायला हवे. तरीही दुरुस्ती मात्र एकाच बाजूची केली जाते.

भाचीला मैत्रीण मिळाली ती मोडी लिपीच्या वर्गात. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जातात. ते तिला विलक्षण आवडते. एका जुन्या पत्राच्या झेरॉक्सवर दोघी अर्धा अर्धा तास वाकलेल्या असतात, एकमेकींकडे पाहतही नाहीत, आणि एखादे अडलेले अक्षर लागले की दोघी एकदमच ओरडतात. माझ्या मते मैत्रीला याहून अधिक काही लागत नाही.

या दुसऱ्या मुलीला ऑटिझम नाही, पण तिने स्वतःहून एक गोष्ट शिकून घेतली. आपल्याकडे ‘ये ना घरी कधीतरी’ असे म्हणतात आणि ते निमंत्रण नसते, हे सगळ्यांना न सांगता कळते. भाची मात्र ते खरे मानून वाट पाहत राहायची. आता मैत्रिणीचा निरोप येतो: ‘शनिवारी पाच वाजता, आमच्या घरी, आपण दोघीच, सातपर्यंत.’ एवढ्या स्पष्ट बोलण्याने कोणाचे काय बिघडते?

यातूनच भाचीचा धीर वाढला. परवा एका वाढदिवसाला स्पीकर मोठा झाला तेव्हा तिने कानांवर हात ठेवून कोपरा गाठला नाही. ‘मला हा आवाज सोसत नाही, मी थोडा वेळ गच्चीवर जाते आणि केक कापताना येते,’ असे तिने सगळ्यांसमोर सांगितले, आणि ती खरेच परत आली. डोळ्यांत न बघता सांगितलेले हे वाक्य मला त्या साऱ्या सरावापेक्षा मोलाचे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, आणि ते मिळालेच पाहिजे. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा, हा प्रश्न मात्र त्या मुलांवरच सोडलेला असतो. शाळांनी सामाजिक कौशल्यांचे तास जरूर घ्यावेत, पण ते सगळ्या वर्गासाठी घ्यावेत: स्पष्ट कसे बोलावे, आणि कोणी हात हलवत बसले तर टक लावून का पाहू नये. पालकांनाही एक विनंती. अशा मुलाला घरी बोलावताना किती जण येणार, गाणी लावणार का आणि कार्यक्रम कधी संपणार, हे आधी कळवा. आणि तो अर्ध्यातून निघाला, तर त्याला आग्रह करून थांबवू नका.