खिडकीपाशी की बाथरूमपाशी?

"ताई, तुम्ही घोरता का?"

हा प्रश्न मला काल संध्याकाळी विचारण्यात आला. विचारणारा डॉक्टर नव्हता. नवरा नव्हता, कारण तो मुळातच नाही. विचारणारे काका एका टूर कंपनीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, एवढीच आमची ओळख. साक्षीला काउंटरवरचा पोरगा, काकांच्या सौ. आणि मनालीच्या हनिमून पॅकेजची चौकशी करायला आलेलं एक जोडपं. त्यातल्या मुलीने प्रश्न ऐकल्याबरोबर माहितीपत्रक तोंडासमोर धरलं. माहितीपत्रक हलत होतं.

मार्चअखेरीला हिमाचल, एवढं घरात ठरलं होतं. जाणार दादा, वहिनी, चिनू आणि मी. चौकशी, तुलना, फोन, फेऱ्या हे सगळं कोण करणार, तेही न बोलता ठरलं होतं. "तुला काय, मागे कोणी नाही." मला नोकरी आहे, साहेब आहे, आणि दोघंही माझ्या अगदी मागेच असतात, हे मी दर वेळी सांगते. पण आमच्या घरात मागे असणं म्हणजे नवरा आणि मुलं. साहेब त्यात धरत नाहीत.

बरं, मागण्या काय? दादाला बर्फ हवा, पण थंडी नको. वहिनीला फुलं हवीत. चिनूला स्कीइंग करायचंय आणि हॉटेलात वायफाय हवंय, क्रम उलटा असू शकेल. मला काय हवं ते कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नव्हतं. आतून कडी लागणारं एक दार हवं होतं, बस्स.

तरी मी अभ्यास केला. मनाली साधारण २,०५० मीटरवर, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मनालीत दादाला स्वेटर काढावासा वाटला, तर खिंडीत तेव्हा त्यापेक्षा बाराएक अंश कमी. पण रोहतांगचा प्रश्न तसाही मार्चमध्ये येत नाही, कारण तेव्हा तो रस्ता बर्फाखालीच असतो. उघडतो तो उन्हाळ्यात, आणि तेव्हाही परमिट लागतं. दिवसाला १,२०० गाड्या, त्यात ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. मार्चमध्ये आपल्यासारख्यांना वाट उरते ती अटल बोगद्याची. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. अलीकडून कुल्लूच्या बाजूने आत शिरायचं आणि पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूजवळ बाहेर पडायचं. तिकडे मार्चअखेरीलाही बर्फ बऱ्यापैकी असतो. इकडे खालच्या उतारांवर तोवर बुरांस लालभडक फुललेला. म्हणजे फुलं खाली, बर्फ वर, दादाची थंडी मधे कुठेतरी. कोणाला नाही म्हणावं लागत नव्हतं. हे सगळं मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात, तक्त्यात मांडलं होतं. मला त्या कागदाचा अभिमान होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

दादाचा एकच प्रश्न: "बर्फ नक्की ना?" त्याला समजावलं की तिकडचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी झंझावातांतून, ते निघतात पार भूमध्य समुद्राच्या बाजूने, आणि ते कधी येणार हे हवामान खातंसुद्धा काही दिवसच आधी सांगू शकतं. फार आले तर बोगदाच पर्यटकांना बंद करतात, नाहीतर फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या असलेल्या गाड्याच सोडतात. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे नक्की नाही. तू नीट विचार ना त्यांना." जणू भूमध्य समुद्राचं बुकिंगही त्याच काउंटरवर होत होतं.

तर काउंटर. पोरगा चुणचुणीत होता. माझ्या तक्त्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याचा पहिला प्रश्न, "पॅक्स किती?"

"चार."

"टू कपल्स?"

"नाही. भाऊ, भावजय, पुतण्या आणि मी."

त्याची बोटं कीबोर्डवर थबकली. "चाइल्डचं वय?"

"अकरा."

"पूर्ण की चालू? बारा पूर्ण असेल तर अ‍ॅडल्ट धरतो आपण."

"अकरा पूर्ण, बारावं चालू."

"मग चाइल्ड. विथ बेड की विदाउट बेड ते नंतर बघू. सर आणि मॅडम ट्विन शेअरिंग. आणि तुम्ही…" त्याने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं. "तुम्ही थर्ड पर्सन."

मी वयाने दादापेक्षा लहान आहे, पण हिशेबात चिनूच्याही खाली जाईन असं वाटलं नव्हतं. चिनू निदान चाइल्ड होता, त्याला दोन उपप्रकार होते. माझ्या नशिबी "एक्स्ट्रा मॅट्रेस". म्हणजे गादी. जमिनीवर. ती रात्री दहाला हॉटेलचा पोऱ्या खांद्यावरून आणून टाकतो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी ती उचलावी लागते, कारण नाहीतर दार उघडत नाही.

इथे काकांनी खुर्ची पुढे ओढली.

काका आले होते रद्द झालेल्या सहलीचा परतावा मागायला. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात पावत्या तारीखवार. त्यांचं काम अडलं होतं, आतला साहेब फोनवर होता, आणि रिकामा वेळ या गृहस्थांना सोसत नसावा. "मी काय सांगतो, ताई," ते म्हणाले, "चौघांना एकच खोली घ्या. मोठी. फॅमिली रूम. आम्ही सहाजण राहिलोय एका खोलीत, मनालीलाच. कसं ते दाखवतो." आणि माझ्या हातातला कागद घेऊन, उलटा करून, खिशातल्या पेनाने त्यावर खोली काढायला लागले.

मला वाटलं दोन रेघा मारतील. काकांनी मापं घातली. "ही समजा बारा बाय चौदा." दार काढलं, दार उघडतं कुठे त्याचा पाव गोल काढला. डबल बेड काढला, त्यावर दोन उशा. "हे तुमचे बंधू, या वहिनी." दोघांमध्ये एक आडवी काडी, तिला डोकं. "हा चाइल्ड, विदाउट बेड. पैसे वाचले." इथे पोरग्याने नकळत मान डोलावली. खिडकी काढली, तिच्यातून डोंगर काढले. डोंगरावर बर्फही काढला, दोन-तीन नागमोडी रेघा. मग बाथरूम. बाथरूमचं दार आणि पलंगाचं पायथं यांच्यामध्ये राहिलेल्या पट्टीत त्यांनी एक लांबट चौकोन काढला, त्यात एक काडी आडवी निजवली आणि पेनाचं टोक तिच्यावर टेकवून म्हणाले, "इथे ताई."

काडीला त्यांनी वेणी काढली होती. माझे केस कापलेले आहेत.

"पण रात्री कोणाला उठायचं झालं तर?" हे मी नाही, पोरग्याने विचारलं. तो आता पूर्ण गुंतला होता.

"बरोबर!" काका खूश झाले. "ओलांडून जावं लागेल. मग पर्याय दुसरा, खिडकीपाशी." चौकोन खोडला, खिडकीखाली नवा काढला. "पण खिडकीपाशी गार लागणार. हीटर?"

"हीटर एक्स्ट्रा," पोरगा म्हणाला. "रूम हीटर तिकडे बऱ्याच हॉटेलांत चार्जेबल असतो."

"तेच म्हणतो. म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर आलं." काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळून, अगदी तांत्रिक आवाजात, तो प्रश्न विचारला. नुसता विचारला नाही, त्यामागचं शास्त्रही सांगितलं: घोरत असाल तर खिडकीपाशी, म्हणजे आवाज पलंगापासून लांब. घोरत नसाल तर बाथरूमपाशी, ऊब राहील.

काय उत्तर द्यायचं अशा वेळी? नाही म्हणावं तर पुरावा नाही, एकटीला आपलं घोरणं ऐकू कुठून येणार? हो म्हणावं तर ते हनिमूनचं जोडपं. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच काकू बोलल्या. इतका वेळ त्या पर्स मांडीवर धरून भिंतीवरचं काश्मीर बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "ह्यांना स्वतःला आम्ही गॅलरीत झोपवतो, ते नाही सांगत."

माहितीपत्रकामागून हुंदक्यासारखा आवाज आला. काका जराही विचलित झाले नाहीत. "ते वेगळं," म्हणाले, आणि खोलीला गॅलरी आहे का ते पाहायला लागले.

मी विषय बदलायला अटल बोगद्याचं विचारलं. आगीतून फुफाट्यात, कारण काकांनी रोहतांग खिंड बोगदा होण्याच्या आधी पाहिली होती. "बोगद्यातून बर्फाला जाणं म्हणजे मागच्या दाराने लग्नाला जाणं!" मग शिमल्याचे बोगदे निघाले. पोरगा म्हणाला, कालका-शिमला गाडीला एकशे दोन बोगदे आहेत. काका म्हणाले, एकशे तीन, शेवटच्या बोगद्यावर नंबरच तो आहे. दोघंही बरोबर होते, पण मला बोलू कोण देतंय? १९०३ साली ही ९६ किलोमीटरची लाइन सुरू झाली, २००८ पासून जागतिक वारशात आहे. नंबर १०३ पर्यंत जातात, पण ४६ नंबरचा बोगदा आता उरलेला नाही. उरले १०२. बोगदा गेला तरी पुढच्या कोणाला सरकवून त्याची जागा बुजवली नाही, त्याचा नंबर अजून रिकामा ठेवलाय.

नसलेल्या बोगद्याला जागा आहे. मी असून एक्स्ट्रा. आणि हे मला त्या ऑफिसात, काकांच्या चित्राकडे बघताना एकदम फार लागलं. कारण हे फक्त गादीचं नसतं. जीपमध्ये सामानाला टेकून बसायची मागची आडवी सीट माझी, गाडीत मधला बर्थ माझा, फोटो काढणारा हात माझा. पॅकेजवाल्यांचा सगळा हिशेबच दोनाच्या पाढ्याने चालतो, आणि मनाली तर जोडप्यांच्याच जिवावर उभी आहे, पलंगावर फुलं, केक, काय काय. एकटं माणूस डोंगर बघायला जाऊ शकतं हे त्यांच्या फॉर्मला माहीत नाही. त्या फॉर्ममध्ये प्रमुख प्रवाशाशी नातं विचारणारा रकाना होता. त्यात पती-पत्नी, मूल, आईवडील एवढे पर्याय, बहीण नाही. पोरग्याने "इतर" वर टिचकी मारली आणि पुढे गेला.

दादाला फोन लावला, स्पीकरवर, कारण पोरग्यालाही ऐकायचं होतं. दादा म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर गं." मागून वहिनीचा आवाज: "आत्याला काय, कुठेही झोप लागते. खाली चालेल म्हणावं."

"घरच्यांचं एकमत आहे," काकांनी जाहीर केलं.

मी म्हणाले, "मला स्वतंत्र खोली पाहिजे."

ऑफिस शांत झालं. पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, सिंगल ऑक्युपन्सीला जवळजवळ पूर्ण रूमचा चार्ज लागतो." म्हणजे राहणार मी एकटी आणि दुसऱ्या उशीवर न झोपणाऱ्या माणसाचे पैसेही मीच भरणार. हॉटेलवाल्याचं गणित मला कळतं. खोली झाडायची तीच, चादर बदलायची तीच, पाणी तापवायचं तेच. कळतं, म्हणून राग कमी होत नाही. बसची सीट मी दोन घेणार नाही, डोंगर दुप्पट बघणार नाही. पण कडी मिळणार होती. मी कार्ड पुढे केलं. काकूंनी पहिल्यांदा काश्मीरवरून नजर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली. याचा अर्थ मी आपल्या बाजूने लावलाय.

माझा तक्ता काका घेऊन गेले, परताव्याच्या फाइलीत. वरची बाजू कोणी वाचलीच नाही.

आज सकाळी वहिनीचा फोन. आवाजात साखर. "बरं केलंस गं खोली घेतलीस. मग चिनूला तुझ्याकडेच टाकू, आमच्याकडच्या त्याच्या बेडचे पैसे वाचतील. आणि तुलाही सोबत." मी लगेच त्या पोरग्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, चाइल्ड एका अ‍ॅडल्टबरोबर दुसऱ्या बेडवर झोपला की तो चाइल्ड राहत नाही, त्याला पूर्ण अ‍ॅडल्टचा दर लागतो. म्हणजे वाचायचं दूर, चिनूचे वाढणार. आणि खोली दोघांची झाली म्हटल्यावर माझे बरेच कमी होणार.

"बदल करू का, मॅडम?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, करा. माझा फरक माझ्या खात्यावर परत पाठवा, आणि चिनूचा वाढीव दादाच्या नावावर टाका. पोरग्याने कन्फर्म करून टाकलंय. दादाला अजून कळवलेलं नाही. त्याला बिल येईलच.