'पर्यावरण परवानगी म्हणजे लायसन्सराज' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. पर्यावरण परवानगी म्हणजे लायसन्सराजचं उरलेलं शेपूट, जनसुनावणी म्हणजे टाइमपास, कंपन्यांना स्वतःच लिहून देऊ द्या, नियम मोडला तर दंड घ्या आणि मग बघा गुंतवणूक कशी येते. आमच्या घरच्या ग्रुपवर पण आला आणि चार जणांनी अंगठे दिले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

लायसन्सराजचं शेपूट? अहो, उदारीकरण 1991 चं आणि ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा आधीच करायचा अभ्यास, बंधनकारक झाला जानेवारी 1994 मध्ये. लायसन्सराज संपवतानाच सरकारला कळलं होतं की कारखाना कुणीही काढू दे, पण तो नदीत काय सोडणार हे आधी बघावंच लागेल. आणि फायली मुद्दाम अडवतात म्हणाल, तर 2022 मध्ये केंद्राने ही परवानगी देणाऱ्या राज्यांच्या प्राधिकरणांना स्टार द्यायची पद्धत काढली, त्यात 80 दिवसांच्या आत परवानगी दिली की 2 मार्क आणि 120 दिवसांच्या वर गेलं की शून्य. म्हणजे जो नीट चौकशी करेल त्याचेच मार्क जाणार.

जनसुनावणीचं तर मी स्वतः बघितलंय. आमच्याकडे एका खाणीची सुनावणी होती, भर मे महिना, पत्र्याचा मंडप, रिपोर्ट जाडजूड आणि इंग्रजीत, मराठीत फक्त पातळसा सारांश. त्यात आमच्या व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, उल्लेख 'कोरडा नाला' असा. एक आजोबा उठले, माइक नीट धरता पण येईना त्यांना, म्हणाले, साहेब, जुलैत या, ह्याच नाल्यातून माझी म्हैस वाहून गेली होती. पुढे आठवडाभर मी तो रिपोर्ट घेऊन बसले तेव्हा कळलं की पाण्याचा, हवेचा डेटा पावसाळा सोडून एकाच सीझनचा घेतला तरी नियमात चालतो. कोकणात पावसाळा सोडून पाणी मोजायचं! ही चूक कुठल्या कॉम्प्युटरने पकडली नाही, त्या आजोबांनी पकडली. सुनावणी काढून टाकली तर कोण सांगणार होतं?

कंपन्या खरं लिहून देतील म्हणे. रिपोर्ट करणाऱ्या कन्सल्टंटचे पैसे कंपनीच देते, तिथेच गोची आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाचंच बघा. 2015 ला परवानगी मिळाली, पण मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती स्थगित केली, कारण आसपासच्या संवेदनशील भागांची माहिती अर्जात नीट दिलीच नव्हती. तज्ज्ञ समितीने परत बघितलं, अटी वाढवल्या, जानेवारी 2020 मध्ये कोर्टाने स्थगिती उठवली आणि आज तिथून विमानं उडतायत. म्हणजे तपासणीने विकास मेला वगैरे काही नाही, उलट लपवाछपवी झाली म्हणून ते वर्ष गेलं.

आता दंडाचं. 7 मे 2020 ची पहाट, विशाखापट्टणम, एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन वायू गळला आणि झोपेतली माणसं रस्त्यावर येऊन कोसळली, 12 जण गेले. त्या कंपनीने 2019 मध्येच सरकारला लिहून दिलं होतं की आमच्याकडे वैध पर्यावरण परवानगी नाही, तरी कारखाना चालूच होता. दंड कितीही लावा, ती 12 माणसं कुठून आणणार? आणि ज्यांनी नियम पाळून परवानगीची वाट बघितली त्या उद्योजकांनी मूर्खपणा केला का मग? कायद्याच्या दृष्टीने पण हा प्रश्न अजून लोंबकळतोय, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने काम आधीच सुरू केलेल्यांना नंतरून दिलेल्या परवानग्या बेकायदा ठरवल्या आणि नोव्हेंबरमध्ये 2 विरुद्ध 1 अशा बहुमताने तोच निकाल मागे घेतला. म्हणून हे दार परत उघडं आहे आणि म्हणूनच असे मेसेज फिरताना मला गप्प बसवत नाही.

तुमच्या भागात सुनावणी लागली की मराठी सारांश जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो, जाऊन मागा. आधी तुमच्या ओढ्याला त्यात काय म्हटलंय ते बघा.