मुहूर्त काढावा तर असा

तीन वर्षं खपून तुम्ही एक फर्मास गेम बनवलाय ना? अभिनंदन. आता तो फार कोणाच्या हाती लागू नये, एवढीच व्यवस्था करायची राहिली आहे, आणि तिला एक कॅलेंडर पुरतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. सगळे बडे गेम तेव्हाच येतात, म्हणजे गिऱ्हाईकही तेव्हाच येणार, हा हिशेब मीटिंगमध्ये फार शोभतो. त्या गिऱ्हाइकाच्या खिशात एकाच गेमपुरते पैसे असतात, हे तिथे बोलू नका. उगाच वातावरण बिघडतं.

या विद्येत गुरू करावा तो इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीला. 21 ऑक्टोबर 2016ला त्यांनी ‘बॅटलफील्ड 1’ आणला आणि बरोबर आठवड्याने, 28 तारखेला, स्वतःचाच ‘टायटनफॉल 2’. पुढे 4 नोव्हेंबरला ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग दाराशी उभा होताच. तिन्ही गोळीबाराचे, तिन्हींचं गिऱ्हाईक एकच. ‘टायटनफॉल 2’मध्ये एक लेव्हल आहे: बटण दाबलं की जळून पडकी झालेली प्रयोगशाळा क्षणात जुन्या, झगमगत्या दिवसांत जाते, पुन्हा दाबलं की परत राख. समीक्षक खूश, खेळणारे खूश. विक्री मात्र अपेक्षेच्या खाली. सख्ख्या भावाच्याच पायाखाली पोर तुडवायचं, याला हिंमत लागते.

‘टायटनफॉल 2’ घडवणाऱ्या रिस्पॉन स्टुडिओचाच ‘एपेक्स लेजेंड्स’ 4 फेब्रुवारी 2019ला आला. आज घोषणा, आजच गेम, तोही फुकट. इंटरनेटवर लोकांसमोर थेट गेम खेळून दाखवणारी स्ट्रीमर मंडळी तेवढी आधीच गाठून ठेवलेली. आठवड्यात अडीच कोटी खेळाडू. हे उदाहरण मार्केटिंगवाल्यांपुढे काढू नका, त्यांनाही पोट आहे.

मुहूर्त चुकलाच, तर ढोल आणखी बडवा. ‘सायबरपंक 2077’ची तारीख 2020च्या एप्रिलवरून सप्टेंबर, मग नोव्हेंबर, मग 10 डिसेंबर अशी सरकत गेली. जुन्या कन्सोलवर तो धड चालेना. आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढलासुद्धा. तरी पहिल्या दहा दिवसांत 1 कोटी 30 लाख प्रती खपल्या. गेम चालतो की नाही, ही चौकशी पैसे भरल्यानंतरची.

आणि 2025मध्ये ज्याची सगळे वर्षानुवर्षं वाट पाहत होते त्या ‘सिल्कसाँग’ या गेमची तारीख जेमतेम दोन आठवडे आधी कळल्यावर ज्या छोट्या स्टुडिओंनी निमूटपणे आपले गेम पुढे ढकलले, त्या भित्र्यांच्या नादी लागू नका. तुमची पोस्टरं छापून झाली आहेत.