मशीनवर लावलेला इंग्रजी कागद

आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले होते. दिवस संपला, शटर ओढले, घरी येऊन जेवणही झाले, तरी सकाळचा तो प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आम्ही हायड्रॉलिक पंपाच्या हाउसिंगचे मशीनिंग करून देतो. शेजारच्या फौंड्रीतून, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यातून, कास्टिंग (ओतीव भाग) येते, आम्ही त्याचे बोअर करतो, म्हणजे आतले भोक मापात कापतो, फेस मारतो, म्हणजे तोंड सपाट करतो, तपासतो आणि पाठवतो. आमच्या मोठ्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, जो ऑपरेटर असतो, तो खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान गावचा असून गेली चौदा वर्षे माझ्याकडे काम करतो आहे. मशीनच्या दारावर कामाच्या सूचनांचा लॅमिनेशन केलेला कागद लावलेला असतो. ऑडिटरने त्या कागदावर बोट ठेवले आणि चौथी पायरी वाचून दाखव, असे त्याला हिंदीत सांगितले. कागद इंग्रजीत होता. तो कागदाकडे पाहत राहिला आणि हातातल्या कॉटन वेस्टने आधीच पुसलेली बोटे पुन्हा पुन्हा पुसत राहिला. आजूबाजूच्या तिन्ही मशीनवरची पोरे मान खाली घालून कामात असल्यासारखी उभी होती.

मी मध्ये पडलो आणि म्हणालो, साहेब, तो काय करतो ते त्याला विचारा. मग त्याने सांगितले. जॉब बसवण्याआधी तो पकडणाऱ्या चकच्या जबड्यात अडकलेला चुरा हवेने का उडवावा लागतो, बोअर गेज शून्यावर कसा आणायचा, टूल झिजू लागले की मशीनचा आवाज कसा बदलतो, हे सारे त्याने आपल्या मराठीत सांगितले आणि मी त्याचे हिंदी करत गेलो. वीस मायक्रॉनच्या आत बोअर धरणारा माणूस आहे तो. माणसाच्या केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हे. ऑडिटरने शांतपणे सगळे ऐकून घेतले, मान डोलावली आणि तरीही वहीत एनसी, म्हणजे नियमाला धरून नसल्याची नोंद, लिहिली, की ऑपरेटरला लेखी सूचना वाचता येत नाहीत.

ते गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मालक, मला कळतंय की सगळं. वाचाय येत नाही एवढंच."

पहिल्यांदा मला त्या ऑडिटरचा राग आला. चौदा वर्षे ज्याच्या हातून माल परत आला नाही, त्याला परीक्षेला बसवल्यासारखे उभे करणारे हे कोण, असे वाटले. पण ऑडिटरचे चुकले नव्हते, हेही मान्य करतो. लिहिलेले वाचता आले नाही तर उद्या ड्रॉइंग बदलल्यावर काय होणार, हा त्याचा प्रश्न बरोबरच आहे. दुपारपर्यंत माझा राग दुसरीकडे वळला होता.

माझा हा ऑपरेटर सातवीपर्यंत आपल्या गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकला. गणितात वर्गात पहिला असायचा, असे त्याच्याच गावचा दुसरा कामगार सांगतो आणि त्याचे तोंडी हिशेब ऐकले की माझाही त्यावर विश्वास बसतो. आपल्याकडे प्राथमिक शाळा बहुतेक गावांत सातवीला संपते आणि हायस्कूल आठवीपासून सुरू होते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी देतो, पण गावची शाळा त्याच्या एक पायरी अलीकडेच थांबते. हायस्कूल दूर, पावसाळ्यात त्या भागातल्या वाटा कशा होतात ते वेगळे सांगायला नको. तरी तो तीन वर्षे गेला. दहावीला तेव्हा सहा विषय, त्यांतल्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन तर भाषाच, आणि सहाशे पंचवीस गुणांची परीक्षा. तो इंग्रजीत नापास झाला, पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला घरातून कोणी पुढे झाले नाही आणि पुढच्या महिन्यात तो माझ्याकडे मशीनखालचा चुरा गोळा करायला आला.

कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही. कर्नाटकात राहतो, तर तिथल्या कचेरीत अर्ज लिहिता आलाच पाहिजे. पण शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि मशीनवर इंग्रजी अशी तिहेरी ओढाताण ज्या मुलाच्या वाट्याला येते, त्याला निदान एक भाषा पक्की होईपर्यंत कोणीतरी हात धरून चालवायला हवे होते, ते कोणी केले नाही. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारे आपण सगळे १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत चालतो, मीही चालतो आणि पुढेही चालणार आहे. मात्र आपल्या भागातली किती मुले सातवी आणि दहावीच्या मध्ये गळली, हे विचारायला आपण वर्षातला एक दिवसही ठेवलेला नाही.

बेळगावला शिक्षणाची कमतरता आहे, असे बाहेरचा कोणी म्हणणार नाही. केएलई शिक्षण संस्था १९१६ पासून इथे आहे, गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (जीआयटी) १९७९ पासून, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही आपल्याच गावात, म्हणजे राज्यातल्या कितीतरी इंजिनिअरांच्या पदव्यांवर बेळगावातल्या विद्यापीठाचे नाव असते. आणि त्याच जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ७३.४८ टक्के, राज्याच्या सरासरीपेक्षाही कमी. पदवी घेतलेली मुले बेंगळुरूला आणि पुण्याला जातात, त्यांना मी दोष देत नाही, माझा पुतण्याही गेला. दहावीत अडकलेली मुले गोव्यातल्या हॉटेलांत आणि बांधकामांवर जातात किंवा इथल्या फौंड्रीत येतात, आणि फौंड्रीतले फेटलिंगचे, म्हणजे ओतलेल्या मालाचे जादा धातू घासून काढण्याचे काम तर आता बिहार-ओडिशाकडची मुले करू लागली आहेत. ज्याला ड्रॉइंग वाचता येते, प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते, वहीत नोंद ठेवता येते आणि जो तरीही आपल्या गावात राहतो, असा मधला माणूसच आपल्याकडे उरलेला नाही.

गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे चार सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून देणारे, होऊन गेले. चौघेही डिप्लोमावाले, चौघेही दीड-दोन वर्षांत पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यांत गेले. सेटर गेला की नवीन जॉब लावता येत नाही, मशीन उभे राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. त्या प्रत्येक वेळी माझ्या याच ऑपरेटरने मशीनचा आवाज ऐकून, हाताच्या अंदाजाने निम्मी अडचण सोडवलेली आहे. स्क्रीनवरच्या दोन ओळी वाचता आल्या असत्या तर तो सेटर झाला असता, आज घेतो त्याच्या दीडपट पगार घेत असता आणि मला चाकणकडे डोळे लावून बसावे लागले नसते. त्याची एक दहावी राहिली, त्याचे मोल आम्ही दोघे चौदा वर्षे भरतो आहोत.

हे एकट्या माझ्या शेडपुरते असते तर मी लिहिले नसते. उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठेही जा, बहुतेक लहान शेड जॉबवर्कवर जगतात. ड्रॉइंग ग्राहकाचे, दर ग्राहकाचा, आपण फक्त घासून-कापून द्यायचे. आपल्याच जिल्ह्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात. तसल्या कामात प्रत्येक नगाच्या प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद लागते आणि दरही त्यानुसार मिळतो. आपल्यातल्या कितीजणांना ते काम मागायची हिंमत आहे? मशीन कर्ज काढून घेता येते, नोंद ठेवणारी माणसे कर्जाने मिळत नाहीत. काही मित्रांनी सीमा ओलांडून महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत शेड टाकल्या, तिथे सवलती बऱ्या मिळाल्या असतील, पण कामगार इथल्याच गावांतून जातो आणि त्याची शाळा सातवीलाच संपलेली असते. राज्य बदलले म्हणून काही त्याला तो कागद वाचता येऊ लागत नाही.

आता जे लिहितो आहे ते लिहायला जड जाते. तो इंग्रजी कागद मीच लावला होता. सहा वर्षांपूर्वी पहिल्या ऑडिटच्या वेळी सल्लागाराने दिलेला नमुना छापून मी तो दारावर चिकटवला आणि ज्याच्यासाठी चिकटवला त्याला तो वाचता येतो का, हे एकदाही विचारले नाही. चौदा वर्षांत मी त्याला ओव्हरटाइम दिला, दिवाळीला बोनस दिला, बायकोच्या ऑपरेशनला उचल दिली, पण आठवड्यातला एक तास शिकायला दिला नाही. शिकाऊ कामगारांसाठीचा ॲप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. आपण मालक मंडळी त्यातली किती मुले मनापासून शिकवण्यासाठी घेतो आणि किती स्वस्त हेल्पर म्हणून, ते आपापल्या मनाला विचारावे. ऑर्डरच्या घाईत वेळ मिळत नाही हे खरे आहे, मलाही मिळत नाही. तरीही चौदा वर्षांत एकही तास मिळाला नाही, असे मी त्याच्या तोंडावर सांगू शकत नाही.

त्याची मुलगी यंदा सातवीत आहे. जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८२ टक्के आणि स्त्रियांची ६५ टक्क्यांच्या आसपास, हा त्याच जनगणनेतला आकडा वाचताना मला आज ती पोर आठवली. जूनपासून तिला दूरच्या हायस्कुलात जावे लागणार, बस वेळेवर नाही आणि घरी म्हातारी आजी म्हणते की मुलीला कशाला पाठवायचे. तो मात्र म्हणतो, "तिला कागद वाचाय यायलाच पाहिजे, मालक." हायस्कूलजवळ राहण्याची सोय होते का, ते उद्या मी स्वतः चौकशी करून पाहणार आहे, तुमच्यापैकी कोणाला त्या भागातले चांगले वसतिगृह ठाऊक असेल तर कृपया कळवा.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर आम्ही दोघे चहा घेऊन त्या मशीनजवळ बसलो. मी इंग्रजी कागदावरची एकेक ओळ मराठीत सांगायची, त्याने ऐकायचे आणि मी वहीत उतरवायचे, असे ठरले. पाचव्या ओळीला त्याने मला थांबवले. दर दहा नगांनंतर बोअर तपासावे, असे तिथे लिहिले होते.

"मालक, इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस तपासाय लागतोय, ते कुठं लिवलंय?"

इन्सर्ट म्हणजे टूलचे बदलता येणारे कापायचे टोक. मी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. ते कुठेच लिहिलेले नव्हते. सहा वर्षे तो कागद दारावर होता, तीन ऑडिटर तो वाचून सही करून गेले आणि इतकी वर्षे तो पहिला पीस हा माणूस न सांगता तपासत आला होता. ती ओळ मी मराठी कागदावर त्याच्याच शब्दांत घेतली. मग त्याने पेन मागून घेतले आणि खाली, ऑपरेटरच्या रकान्यात, सावकाश एकेक अक्षर काढत मराठीत आपले पूर्ण नाव लिहिले.