नुसती निलगिरी पुरत नाही

झाडावर राहणाऱ्या कोआला या प्राण्याला खायला निलगिरीचं रान राखून दिलं की झालं, हा तुमच्या कोआलावरच्या लेखातला सूर मला पटला नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या गनेडा भागात कोआलांना जीपीएस पट्टे बांधून माग काढला, तेव्हा रात्री चरायचं झाड वेगळं आणि दिवसा झोपायचं वेगळं असं दिसलं. दिवसा त्यांना उंच, दाट सावलीचं झाड लागतं, मग त्याचा पाला खाण्याजोगा नसला तरी चालतो. व्हिक्टोरियातल्या फ्रेंच आयलंडवर तर कडक उन्हात ते बाभळीच्या कुळातल्या झाडांना पोट टेकून बसलेले आढळले. तो बुंधा हवेपेक्षा बराच थंड असतो!

आम्ही ब्रिस्बेनजवळ राहतो. विणीच्या हंगामात, साधारण ऑगस्टपासून, कोआलाची पाटी दिसली की गाडी हळू करतो. दूरच्या झाडाकडे निघालेला कोआला जमिनीवरूनच चालत जातो आणि तिथेच गाड्या नि कुत्री त्याचा घात करतात. २०२२ मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या परिसरात त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली, तरी नवी घरं बांधताना आधी सावलीचीच झाडं तुटतात. याचं फार वाईट वाटतं. पुढच्या भागात एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंतच्या या वाटांबद्दल जरूर लिहा.