गेरू आणि बाकाखालची गुहा

लहान मुलांना गुहाचित्रं शिकवताना फ्रान्सच्या लास्को गुहेपासून सुरुवात करा, असं एका लेखात वाचलं. आम्हा खान्देशातल्या शिक्षकांनी मात्र आधी पाटणे सांगावं. चाळीसगावजवळच्या या गावी उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा सापडला, हजारो वर्षांपूर्वीच्या अश्मयुगातला. आपल्याकडे शहामृग होते म्हटल्यावर माझा तिसरीचा वर्ग एकदम चिडीचूप! मग मध्य प्रदेशातली भीमबेटका, ही चित्रं असलेल्या गुहांची जागा, जी १९५७ साली पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी उजेडात आणली. (अजिंठा जवळ असला तरी ती चित्रं फार नंतरची, हे आधीच सांगून टाकावं.)

पण खरी गंमत हातांनी करण्यात आहे. बाकाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवायचा, खिडक्यांना गोणपाट लावायचं, गेरू कालवायचा, निंबाची काडी चावून कुंचला करायचा आणि उताणं पडून रंगवायचं. गेरू कपाळावर टपकतो, मान अवघडते, तेव्हा मुलांना त्या माणसांचे कष्ट कळतात.

भीमबेटक्याचा बैल बघून एका पोराने विचारलं, "गुरुजी, याले झूल काबरं नही?" पोळ्याचाच बैल त्याच्या डोळ्यांपुढे! पुढचा अख्खा तास आम्ही रानातला बैल गोठ्यात कसा आला, यावरच बोललो.